फेल्टचं एक फूल, आठ मिनिटं: नाताळच्या रीथची फुलं कशी बनतात आणि त्यांची किंमत कशी ठरवायची?

लाल फेल्टचा एक गोल, एक कात्री आणि थोडा ग्लू. इन्स्टाग्रामवरच्या रीलमध्ये यातून गुलाब तयार व्हायला तीस सेकंद लागतात. प्रत्यक्षात नवख्या हाताला साधारण आठ मिनिटं लागतात. आणि दारावर लावायच्या एका रीथला अशी वीस फुलं लागली, तर नुसत्या फुलांचेच अडीच तासांहून जास्त होतात.

हौस म्हणून करणाऱ्याला याचं काही वाटत नाही. पण हीच फुलं ऑर्डर घेऊन करायची म्हटली, की हिशोब बदलतो. मुंबईत गोवंडीसारख्या भागात घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी फूल कसं बनवायचं याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो म्हणजे एका फुलाचे किती घ्यायचे?

या लेखात दोन्ही पाहू. फेल्ट म्हणजे काय, फुलं आणि रिंग कशी करायची, आणि शेवटी दर कसा काढायचा.

रीथ म्हणजे नेमकं काय?

पानाफुलांची गोल रिंग म्हणजे रीथ. मराठीत तिला 'पुष्पचक्र' हा शब्द आहे, पण तो ऐकला की आपल्याला आठवतं ते हुतात्मा स्मारक किंवा शहीद जवानाला दिलेली मानवंदना. दारावर आनंदानं लावायच्या रिंगला कुणी पुष्पचक्र म्हणत नाही. म्हणून बाजारात आणि घरातही 'रीथ' हाच शब्द चालतो.

नाताळशी जोडलेल्या रीथचे दोन प्रकार आहेत. एक दारावर टांगायची. दुसरी टेबलावर आडवी ठेवायची. या दुसऱ्या प्रकाराला अॅडव्हेंट रीथ म्हणतात. तिच्यावर चार मेणबत्त्या असतात आणि नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक पेटवत जातात. या प्रथेचा उगम जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये सांगितला जातो. योहान हिनरिख विचर्न नावाच्या पाद्रींनी १८३९ मध्ये आपल्या संस्थेतल्या गरीब मुलांसाठी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या, म्हणजे मुलांना नाताळला किती दिवस उरलेत ते मोजता येईल.

मुंबईत नाताळ काही बाहेरून आलेला सण राहिलेला नाही. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून मराठीत येऊन रुजला. साष्टीतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक घरात मराठीचीच बोली बोलतात. गोवंडीच्या शेजारच्या चेंबूर आणि तुर्भे (ट्रॉम्बे) परिसरातही त्यांची जुनी गावठाणं आहेत. त्यामुळे डिसेंबरात या भागात तारे, गोठे आणि रीथ दिसणं हे नवीन नाही.

दारावरची रीथ आणि आपलं तोरण यांचं काम एकच आहे, येणाऱ्याचं स्वागत करणं. म्हणूनच फेल्टची फुलं शिकलेल्या हाताला डिसेंबरात रीथ, पाडव्याला आणि दिवाळीला तोरण, असं वर्षभर काम मिळू शकतं.

फेल्ट हे कापड आहे का?

कापडासारखं दिसतं, पण ते विणलेलं नसतं. साध्या कापडात उभे आणि आडवे धागे असतात. फेल्टमध्ये धागेच नसतात. त्यात सुटे तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून एकजीव केलेले असतात.

लोकरीच्या बाबतीत हे आपोआप घडू शकतं. मेंढीच्या केसावर अतिशय बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक. कोमट पाणी आणि साबण लागला की ते थोडे उघडतात. मग घासलं किंवा लाटलं की एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात आणि सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आक्रसून लहान होतो, ते याच कारणानं.

ही कला फार जुनी आहे. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या थडग्यांमध्ये सुमारे २,३०० वर्षांपूर्वीच्या फेल्टच्या वस्तू बर्फामुळे टिकून राहिल्या. त्यात फेल्टचे शिवून भरलेले हंसही आहेत. ते आज रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. काश्मीर आणि कच्छमध्ये याच पद्धतीनं नमदे बनतात. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोली परिसरात मेंढीची लोकर पिंजून, पाणी शिंपडून, गुंडाळून आणि दाबून 'जेन' तयार करतात. घोंगडी विणलेली असते, जेन विणलेलं नसतं. म्हणजे महाराष्ट्राला फेल्ट नवीन नाही, फक्त आपण त्याला फेल्ट म्हणत नव्हतो.

आज स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं रंगीबेरंगी फेल्ट मात्र बहुतेक वेळा लोकरीचं नसतं. ते पॉलिस्टर किंवा अॅक्रिलिकचं असतं. काटेरी कडांच्या हजारो सुया तंतूंच्या थरात वर-खाली मारून मशिनवर ते तयार होतं.

फुलांसाठी फेल्ट का वापरतात, याचं उत्तरही यातच आहे. धागे नसल्यामुळे कापलेल्या कडेला धागे सुटत नाहीत. दुमड घालून शिवावं लागत नाही. सॅटिन किंवा सुती कापडाची पाकळी कापली तर कड उसवते. फेल्टची पाकळी कापली की तयार.

लोकरीचं आहे की पॉलिस्टरचं, कसं ओळखायचं?

एक छोटा तुकडा चिमट्यात धरून बेसिनवर जाळून पाहा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर असेल तर ते वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी तयार होतो. ही परीक्षा मोठ्यांनीच करायची, मुलांच्या हातात द्यायची नाही.

याचा फायदा दोन ठिकाणी होतो. एक, लोकरीच्या नावाखाली पॉलिस्टरचे जास्त पैसे दिले जात नाहीत. दोन, पॉलिस्टर आगीजवळ वितळून अंगाला चिकटतं हे लक्षात राहतं. अॅडव्हेंट रीथवरच्या मेणबत्त्या किंवा दिवाळीतल्या पणत्या यांच्या जवळ फेल्टची फुलं ठेवू नयेत. तिथे बॅटरीवरचे दिवे वापरावेत.

सामान काय लागतं?

- ए-फोर आकाराच्या फेल्ट शीट: लाल, हिरवी, पिवळी, पांढरी
- धारदार कात्री. ती कागदासाठी वापरू नका, धार जाते
- शिंप्याचा खडू. पेनच्या खुणा फेल्टवर राहतात आणि जात नाहीत
- सुई-दोरा किंवा ग्लू गन
- मणी किंवा मोती
- रिंगसाठी खोक्याचा जाड पुठ्ठा आणि जुन्या कापडाच्या पट्ट्या

गोवंडीहून हार्बर लाइननं मस्जिद स्टेशनला उतरलं, की पश्चिमेला अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि पुढे क्रॉफर्ड मार्केट. क्राफ्टचं सामान तिथे घाऊक मिळतं. दोन-चार शीट हव्या असतील तर जवळचं स्टेशनरी दुकान बरं. तिकीट आणि वेळ धरला तर थोड्या सामानासाठी तिकडे जाणं परवडत नाही. चौघी-पाचजणींनी मिळून आणलं तर परवडतं.

शीट घेताना जाडी हाताला लावून पाहा. खूप कडक फेल्ट पानांना चांगलं, पण गुलाब वळताना ते उलगडतं. गुलाबाला मऊ फेल्ट घ्यावं.

गुलाब: सगळ्यात सोपं फूल

१. फेल्टवर ९.५ सेंटिमीटर व्यासाचा गोल काढा. वाटी किंवा डब्याचं झाकण वापरता येईल.

आकडा मुद्दाम ९.५ आहे. ए-फोर शीट २१ बाय २९.७ सेंटिमीटर असते. १० सेंटिमीटरचे गोल सरळ ओळींत काढले तर एका शीटमध्ये चारच बसतात. ९.५ चे काढले तर सहा बसतात. अर्ध्या सेंटिमीटरनं एका शीटमागे दोन फुलं जास्त मिळतात.

२. गोल कापून घ्या. मग बाहेरच्या कडेपासून आत, जिलेबीसारखी गोल गोल पट्टी कापत जा. पट्टीची रुंदी साधारण दीड सेंटिमीटर ठेवा. बाहेरची कड थोडी लाटांसारखी कापली तर पाकळ्या जास्त खऱ्या वाटतात. मध्यभागी एक छोटा गोल राहील, तो कापून टाकू नका.

३. पट्टीच्या बाहेरच्या टोकापासून गुंडाळायला सुरुवात करा. पहिले दोन-तीन वेढे घट्ट, नंतरचे सैल. खालची कड एका पातळीत राहिली पाहिजे. ती वर-खाली झाली तर फूल एका बाजूला झुकतं.

४. शेवटी मध्यभागचा छोटा गोल फुलाच्या तळाशी येईल. त्यावर ग्लू लावून दाबा किंवा सुईनं सगळ्या वेढ्यांतून आरपार तीन-चार टाके घाला.

तयार फूल साधारण चार सेंटिमीटर रुंद होतं.

पॉइन्सेटिया: नाताळचं लाल फूल

नाताळच्या सजावटीत दिसणारं मोठं लाल फूल म्हणजे पॉइन्सेटिया. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. अमेरिकेचे तिथले राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी ते आपल्या देशात नेलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. गंमत म्हणजे त्याच्या लाल 'पाकळ्या' पाकळ्या नसतातच, ती रंग बदललेली पानं असतात. खरी फुलं म्हणजे मधले बारीक पिवळे ठिपके.

म्हणून फेल्टचं पॉइन्सेटिया करतानाही पानाचाच आकार कापायचा.

१. सहा सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद अशा सहा टोकदार पाकळ्या कापा. तशाच चार सेंटिमीटर लांबीच्या पाच.

२. प्रत्येक पाकळी बुडाशी चिमटीत धरून एक टाका घाला. त्यामुळे मध्ये घडी पडते आणि पाकळी सपाट राहत नाही.

३. मोठ्या सहा पाकळ्या एका छोट्या गोल तुकड्यावर शिवा. त्यांच्या फटींवर लहान पाच बसवा.

४. मधोमध तीन ते पाच पिवळे मणी लावा.

याला गुलाबाच्या दुप्पट वेळ लागतो. त्यामुळे एका रीथवर एक किंवा तीनच पुरतात.

झेंडू: रीथलाही चालतो, तोरणालाही

१. शीटच्या लांबीत चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. एका शीटमध्ये पाच पट्ट्या बसतात.

२. पट्टी लांबीत मधोमध दुमडा आणि खालची उघडी कड ग्लूनं किंवा धावदोऱ्यानं जोडा.

३. दुमडलेल्या कडेवर अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरानं काप द्या. काप खालच्या जोडापर्यंत न्यायचे नाहीत, थोडं अंतर सोडायचं.

४. पट्टी घट्ट गुंडाळा आणि तळ शिवा. दुमडलेले फास बाहेर उमलतात आणि भरगच्च झेंडू दिसतो. टपोरा हवा असेल तर दोन पट्ट्या एकापुढे एक गुंडाळा.

उरलेल्या हिरव्या तुकड्यांतून पानं काढा. पान दुमडून बुडाशी एक टाका घातला की त्याला शीर दिसते. लाल कपट्यांचे छोटे गोळे करून तीन-तीनच्या झुपक्यात लावले की ती होलीची फळं झाली. कपटे फेकायचे नाहीत, ते इथे कामी येतात.

रिंग थर्मोकोलची नको

ऑनलाइन व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा थर्मोकोलची रिंग दिसते. भारतात १ जुलै २०२२ पासून सजावटीसाठीच्या थर्मोकोलवर बंदी आहे. महाराष्ट्रात तर २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतच सजावटीचं थर्मोकोल आलं होतं. त्यामुळे विकायच्या रीथला थर्मोकोल वापरणं हा थेट नियमभंग आहे.

पर्याय सोपा आणि जवळपास फुकट आहे. किराणा दुकानातलं खोकं घ्या. बाहेरून ३० आणि आतून २० सेंटिमीटर व्यासाच्या दोन रिंगा कापा. एका रिंगेतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या आणि दुसरीतल्या आडव्या येतील अशा एकमेकींवर चिकटवा. त्यामुळे रिंग वाकत नाही. मग जुन्या ओढणीच्या किंवा साडीच्या चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या तिरक्या गुंडाळत जा. टांगायचा फास पट्ट्या गुंडाळतानाच बांधून घ्या, नंतर चिकटवलेला फास वजनानं सुटतो.

भरतकामाची लाकडी रिंग किंवा वेताची रिंगही चालते.

फुलं बसवताना

आधी ग्लू न लावता सगळी फुलं रिंगवर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. फोटोत मोकळ्या जागा आणि एकाच ठिकाणी झालेली गर्दी लगेच दिसते. मग मोठी फुलं आधी, लहान नंतर, पानं शेवटी.

पूर्ण रिंग भरायला किती फुलं लागतील? ३० सेंटिमीटरच्या रिंगचा मधला घेर साधारण ७८ सेंटिमीटर होतो. चार सेंटिमीटरचा एक गुलाब धरला तर वीस फुलं. म्हणजे लाल फेल्टच्या चार शीट, आणि चार गोल जास्तीचे.

पण पूर्ण रिंग भरलीच पाहिजे असं नाही. एक तृतीयांश भाग फुलांनी भरून बाकीची रिंग नुसती गुंडाळलेली ठेवली तरी रीथ छान दिसते. तेव्हा सात फुलं पुरतात. काम आणि सामान दोन्ही कमी लागतं.

ग्लू गन वापरताना तिचं टोक आणि गरम ग्लू दोन्ही भाजतात. लहान घरात मुलं आसपास असतात, त्यामुळे गन उंचावर ठेवा आणि वायर लोंबती ठेवू नका. दुसरी गोष्ट, कडक उन्हात हा ग्लू मऊ पडतो. दार पश्चिमेला असेल किंवा तोरण अनेक वर्षं टिकवायचं असेल, तर फुलं शिवूनच घ्यावीत.

सण झाला की रीथ ब्रशनं झटकून खोक्यात ठेवा. लोकरीच्या फेल्टला कसर लागते, म्हणून सोबत कडुनिंबाचा सुका पाला ठेवा. पॉलिस्टरला कसर लागत नाही, पण उन्हानं रंग उडतो.

आता दराचं गणित

गोवंडीत शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांत घरातून चालणारं काम नवं नाही. जरी, भरतकाम, टिकल्या लावणं, इमिटेशन ज्वेलरी जोडणं, तयार कपड्यांचे धागे कापणं अशी कामं दहा बाय दहाच्या खोलीत घरातलं सगळं आवरून होत असतात. दर बहुतेक वेळा डझनावर किंवा ग्रोसवर, म्हणजे १४४ नगांवर, ठरतो. हा भाग महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग सगळ्या विभागांत तळाला होता. अशा ठिकाणी हातात येणारा एकेक रुपया महत्त्वाचा असतो.

फेल्टचं फूल याच पठडीतलं काम आहे. मशीन लागत नाही, जागा कमी लागते, स्वयंपाक आणि मुलांची शाळा सांभाळून करता येतं. याच कारणांमुळे त्याचे पैसेही कमी लावले जाण्याची शक्यता असते. 'घरी बसून तर करायचंय' हे वाक्य दर पाडायला फार उपयोगी पडतं.

म्हणून ऑर्डर घेण्याआधी घड्याळ लावून दहा फुलं करून पाहा. एकूण मिनिटांना दहानं भागा. कापणं, गुंडाळणं, शिवणं सगळं त्यात धरा. मग हे साधं सूत्र वापरा:

एका फुलाची मिनिटं × तासाचा दर ÷ ५ = एका डझनाची मजुरी

समजा, सरावानंतर एका फुलाला पाच मिनिटं लागतात आणि तासाला किमान ८० रुपये सुटले पाहिजेत. ५ × ८० ÷ ५ = ८० रुपये डझन. सामान वेगळं.

आता समजा, कुणी डझनाला २४ रुपये देऊ केले. ऐकायला फुलाला दोन रुपये. पण पाच मिनिटांच्या हिशोबानं डझनाला एक तास लागतो, म्हणजे तासाला २४ रुपये. आठ तास मान न उचलता काम केलं तर १९२. आणि ग्लू, दोरा स्वतःचा असेल तर त्याहून कमी. नवख्या हाताला आठ मिनिटं लागत असतील तर तासाला फक्त १५ रुपये.

पूर्ण रीथ स्वतः विकायची असेल तर हिशोब असा मांडता येईल. (आकडे फक्त उदाहरणादाखल आहेत, आपापल्या दरानं भरावेत.)

- वीस गुलाब, प्रत्येकी ८ मिनिटं: १६० मिनिटं
- वीस पानं, प्रत्येकी २ मिनिटं: ४० मिनिटं
- रिंग कापणं, गुंडाळणं: ४० मिनिटं
- मांडणी आणि चिकटवणं: ६० मिनिटं

एकूण ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. तासाला १०० रुपये धरले तर मजुरी ५००. पाच शीटचे १००, ग्लू-मण्यांचे ५० आणि पॅकिंग-प्रवासाचे ५० धरले तर ७०० रुपये ही पडती किंमत झाली. यात नफा अजून आलेलाच नाही. हीच रीथ ४०० ला विकली, तर सामान वजा जाता २०० उरतात आणि तासाला ४० रुपये पडतात. पैसे हातात येतात म्हणून कमाई झाल्यासारखं वाटतं, पण निम्म्याहून जास्त मेहनत फुकट गेलेली असते.

दर वाढवून मिळत नसेल तर वेळ कमी करता येतो. सगळे गोल एकदम कापायचे, मग सगळे वळायचे, मग सगळे शिवायचे. दोघीतिघींनी काम वाटून घेतलं तर हात लवकर बसतो. रिंग पूर्ण भरण्याऐवजी सात फुलांची रीथ करून ती कमी किमतीत देता येते.

कायदा काय म्हणतो?

इथे दोन शब्दांची गल्लत होते. दुसऱ्याच्या घरी जाऊन धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या त्या घरेलू कामगार. स्वतःच्या घरी बसून मालकासाठी किंवा कंत्राटदारासाठी वस्तू बनवणाऱ्या त्या गृहाधारित कामगार. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गृहाधारित कामगाराची स्वतंत्र व्याख्या आहे. सामान मालकानं दिलं की कामगारानं स्वतः आणलं, यानं त्या व्याख्येत फरक पडत नाही.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यातही घरी माल नेऊन काम करणाऱ्यांना कर्मचाऱ्याच्या व्याख्येत धरलं होतं. नगावर काम असलं तरी ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पैसे देता येणार नाहीत, हे तत्त्वही त्यात होतं. मात्र तो कायदा यादीतल्या ठरावीक उद्योगांपुरताच होता. शिवाय घरातलं काम कंत्राटदाराच्या साखळीतून येतं आणि खरा मालक कोण हे कागदावर नसतं, त्यामुळे हक्क मागायचा कुणाकडे हाच प्रश्न पडतो.

अशा कामगारांना संघटित करण्याचं मोठं काम इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत 'सेवा' संघटना उभारून सुरू केलं. त्यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्यामुळे १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार स्वीकारला. घरात काम करणाऱ्यांना कारखान्यातल्या कामगारांसारखी वागणूक मिळावी, असं तो सांगतो. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आज सहज करता येण्यासारखी एक गोष्ट म्हणजे ई-श्रम पोर्टलवरची नोंदणी. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर असंघटित कामगारांची मोफत नोंद होते आणि १२ अंकी क्रमांक मिळतो. त्यानं फुलाचा दर वाढणार नाही, पण 'ही बाई काम करते' याची सरकारदरबारी नोंद होते.

आणि सण संपल्यावर?

गोवंडीकरांना कचरा जातो कुठे हे वेगळं सांगावं लागत नाही. १९२७ पासूनचं देवनार डम्पिंग ग्राउंड त्यांच्या शेजारीच आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरभर पसरला होता. पॉलिस्टरचं फेल्ट हे शेवटी प्लास्टिकच आहे. ते कुजत नाही. एका नाताळपुरती रीथ करून जानेवारीत फेकली, तर ती कुणाच्या तरी दारात जाऊन पडणार.

म्हणून फुलं रिंगवर कायमची चिकटवण्याऐवजी मागे छोटी सेफ्टी पिन किंवा दोऱ्याचा फास लावा. डिसेंबरात लाल गुलाब आणि पॉइन्सेटिया, पाडव्याला तेच फास तोरणाच्या दोरीत आणि झेंडू पुढे. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगितलं तर ७०० रुपयांची रीथ महागही वाटत नाही, कारण ती एका सणाची राहत नाही.

ऑर्डर घेण्याआधी वहीत लिहून घ्यायच्या गोष्टी

- नमुन्याचं एक फूल आणि त्याचा फोटो
- नग किती, दर डझनाला किती
- फेल्ट, ग्लू, दोरा कुणाचा
- खराब निघालेल्या नगाचे पैसे कोण सोसणार
- माल कधी द्यायचा, पैसे कधी मिळणार
- आगाऊ रक्कम किती

व्हॉट्सअॅपवर हे सगळं एका मेसेजमध्ये पाठवून समोरच्याचा 'ओके' घेतला तरी पुरेसं आहे. नंतर वाद झाला तर दाखवायला काहीतरी राहतं.

आणि विकत घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. 'एवढ्याशा फुलाचे एवढे पैसे?' असं विचारण्याआधी एक गुलाब स्वतः करून पाहा. घड्याळ लावून.